शिकागोत सहा महिने: पत्ते, ‘एल’ आणि गाडी

मुकुंदपूर
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यापासून सहा महिने कामासाठी शिकागोत राहायचंय. ऑफिस २३३ साउथ वॅकर ड्राइव्ह, घर अजून ठरायचंय. पत्त्यातलं ते साउथ, वेस्ट वगैरे खरंच पाळावं लागतं, की नकाशात नाव टाकलं की भागतं? ओहेअर विमानतळाहून ‘एल’ने, म्हणजे शहराच्या लोकल ट्रेनने, यावं का? आणि गाडी घ्यावी का? ‘थंडी फार’ हे सगळ्यांनी सांगून झालंय, त्यापलीकडचं हवंय.

आडवा_उभा
साउथ गाळून नुसतं ‘२३३ वॅकर’ टाकलंत तर भलतीकडे पोचाल. वॅकर नदीच्या कडेकडेने वळत जातो, त्यामुळे ईस्ट, वेस्ट, नॉर्थ, साउथ हे चारही वॅकर आहेत.

बाकीचं शहर मात्र आलेखाच्या कागदावर आखलेलं. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात तो शून्य. मॅडिसनच्या उत्तरेला नॉर्थ, दक्षिणेला साउथ. स्टेटच्या पश्चिमेला वेस्ट, पूर्वेला ईस्ट. एडवर्ड ब्रेनन नावाच्या गृहस्थांच्या चिकाटीमुळे १९०९ साली ही पद्धत लागू झाली, लूपमध्ये (म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात) १९११ला. ८०० आकडे म्हणजे एक मैल, १०० म्हणजे एक ब्लॉक, चालत अडीच-तीन मिनिटं. सम क्रमांक रस्त्याच्या उत्तर किंवा पश्चिम बाजूला, विषम दक्षिण किंवा पूर्वेला.

तुमचं ऑफिसच घ्या. ॲडम्स २०० साउथ, जॅक्सन ३०० साउथ, म्हणजे २३३ या दोघांच्या मधे. विषम, म्हणून वॅकरच्या पूर्वेला. हाच विलिस टॉवर. जुनी मंडळी अजून सिअर्सच म्हणतात.

पाढ्यासारखे पाठ करायचे रस्ते: पश्चिमेला हॅल्स्टेड ८००, ॲशलंड १६००, वेस्टर्न २४००, केडझी ३२००, पुलास्की ४०००. उत्तरेला शिकागो अव्हेन्यू ८००, नॉर्थ अव्हेन्यू १६००, फुलर्टन २४००, बेलमॉन्ट ३२००. दक्षिणेला सुरुवातीचे तीन मैल हे गणित चुकतं: पहिला मैल १२०० वर (रूझवेल्ट), दुसरा २२०० वर (सरमॅक), तिसरा ३१०० वर. त्यापुढे परत ८०० चा हिशोब. दिशा हरवलीच तर मिशिगन तळं कुठे ते बघा. तिकडे पूर्व.

लोकलवाला
ओहेअरहून ब्लू लाइनच घ्या. चोवीस तास चालते, लूपपर्यंत पाऊण तास धरा. परदेशातून येणारी बरीच विमानं टर्मिनल ५ ला लागतात आणि तिथे ब्लू लाइन नाही. आधी विमानतळाची फुकट ट्रेन पकडून टर्मिनल १-२-३ च्या बाजूला यायचं, मग खाली उतरून स्टेशन. तुम्ही जॅक्सनला उतरा आणि पश्चिमेकडे चार ब्लॉक चाला. ओहेअरला चढताना तिकीट नेहमीपेक्षा जास्त कापलं जातं, ते बघून दचकू नका. ओहेअरकडे जाताना साधंच लागतं.

तिकिटासाठी व्हेंट्रा कार्ड किंवा टॅप होणारं बँकेचं कार्ड चालतं. दोन तासांत बस-ट्रेन बदलली तर पुन्हा पूर्ण भाडं पडत नाही, पण त्यासाठी पहिल्यांदा जे टॅप केलं तेच परत टॅप करायचं. चढताना फोन आणि पुढे बसमध्ये प्लास्टिकचं कार्ड, असं केलंत तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात. उतरताना टॅप नाही.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते स्टेशनांच्या नावांना. स्टेशनला आडव्या रस्त्याचं नाव देतात, आणि रस्ता मैलोन्‌मैल लांब असतो. ‘वेस्टर्न’ नावाची स्टेशनं पाच. त्यातली दोन एकट्या ब्लू लाइनवर, एकमेकांपासून पावणेतीन मैलांवर! म्हणून कुणी ‘वेस्टर्नला भेटू’ म्हणालं तर ‘कुठली लाइन, आणि ब्लू असेल तर ओहेअरकडचं की फॉरेस्ट पार्ककडचं’ हे विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

लूपभोवती खांबांवरून जाणाऱ्या रुळांच्या फेऱ्यात ब्राउन लाइन घड्याळाच्या उलट फिरते. ऑरेंज, पिंक, पर्पल घड्याळाप्रमाणे. ऑफिसला सगळ्यात जवळचं स्टेशन क्विन्सी, या चारही तिथे थांबतात, फक्त ब्राउनचा प्लॅटफॉर्म पलीकडचा. रेड आणि ब्लू जमिनीखालून जातात, त्यांची वाट वर बघत बसू नका.

मुकुंदपूर
फारच कामाचं. उजळणी करून पाहतो: रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानाचा पत्ता १०६० वेस्ट ॲडिसन. ॲडिसन ३६०० नॉर्थ, म्हणजे मॅडिसनपासून साडेचार मैल वर आणि स्टेटपासून सव्वा मैलाहून जरा जास्त पश्चिमेला. सम, म्हणून रस्त्याच्या उत्तरेला. ॲडिसन स्टेशनला उतरायचं. बरोबर?

आडवा_उभा
पैकीच्या पैकी, शेवटचं वाक्य सोडून. ॲडिसन स्टेशनं तीन आहेत: रेड, ब्राउन, ब्लू. मैदान रेडच्या शेजारी.

रानजाई
गाडीबद्दल. लूपमध्ये ऑफिस आणि ‘एल’जवळ घर असेल तर घेऊ नका. घेतलीच तर पहिली तारीख लक्षात ठेवा १ डिसेंबर. तेव्हापासून १ एप्रिलपर्यंत ठरावीक मोठ्या रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ पार्किंग बंद, बर्फ पडो न पडो. लोक इथेच चुकतात: आभाळ निरभ्र बघून गाडी ठेवतात आणि सकाळी ती टो झालेली असते. त्याशिवाय आणखी काही रस्त्यांवर दोन इंच बर्फ साचला की पार्किंग बंद; पाट्या वेगळ्या असतात, दोन्ही वाचा. फायर हायड्रंटच्या दोन्ही बाजूंना १५ फूट मोकळे सोडायचे, आणि तिथली कड लाल रंगवलेली असेल या भरवशावर राहू नका. शिकागोच्या पत्त्यावर राहणाऱ्याच्या गाडीला शहराचं स्टिकर लागतं. काही गल्ल्यांत रहिवासी परवान्याशिवाय उभंच राहता येत नाही.

टॅक्सीचंही एक. वॅकरला खाली आणखी मजले आहेत आणि तिथे जीपीएस गांगरतं. ॲपवरचा ठिपका तुमच्या पायाखालच्या रस्त्यावर पडतो, गाडीवाला खालच्या वॅकरवर उभा आणि तुम्ही वर. नदीजवळ असाल तर एक-दोन ब्लॉक आत चालत जाऊन बोलवा.

लोकलवाला
उपनगरात, नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला घर बघत असाल तर ‘एल’ विसरा, तिथे मेट्रा ही उपनगरी रेल्वे जाते. दोन्हीकडच्या गाड्या युनियन स्टेशनला येतात, आणि ते तुमच्या ऑफिससमोर नदी ओलांडली की लगेच. मेट्राचं तिकीट वेगळं. गाड्या वेळापत्रकाने धावतात आणि रात्री विरळ होतात, तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच घर ठरवा.

मुकुंदपूर
किराण्यासाठी डेव्हन अव्हेन्यूचं नाव ऐकलंय. समजा २५४० वेस्ट डेव्हन: वेस्टर्न २४००, म्हणजे त्याच्या दीड ब्लॉक पुढे, रस्त्याच्या उत्तर बाजूला. डेव्हन उत्तरेला कितीवर?

आडवा_उभा
६४०० नॉर्थ, मॅडिसनपासून बरोब्बर आठ मैल. रेड लाइनने लोयोलाला उतरा, तिथून १५५ नंबरची बस डेव्हनवरूनच जाते. आपली दुकानं वेस्टर्न ते कॅलिफोर्निया (२८००) या पट्ट्यात सगळ्यात दाट.

तिरक्या रस्त्यांचं सांगायचं राहिलं. मिलवॉकी, क्लार्क, लिंकन हे तिरके असले तरी क्रमांक नॉर्थचेच लावतात. २४०० नॉर्थ मिलवॉकी म्हणजे फुलर्टनच्या रेषेवर, एवढं कळतं. पश्चिमेला किती ते आकडा सांगत नाही. तेवढ्यापुरता नकाशा उघडा.