केळीच्या स्टार्चची फिल्म दुधाळ येते व तडकते: मदत हवी आहे

प्रयोगवही: नमस्कार. मी जळगावात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्यापाऱ्यांनी नाकारलेल्या कच्च्या केळ्यांच्या स्टार्चपासून विघटनशील वेष्टनाची फिल्म करणे हा माझा प्रकल्प आहे. सर्व काही ठरलेल्या पद्धतीनेच केले असूनही फिल्म दुधाळ दिसते आणि सोडवताना कडेने तडकते. पारदर्शकतेचे आकडे लवकरच द्यायचे आहेत, तेव्हा नेमका उपाय सांगावा. प्लास्टिकबंदीचे महत्त्व मला ठाऊक आहे.

रावेरचा बांध: ठरलेली पद्धत म्हणजे कोणती? फिल्म मऊ ठेवणारे ग्लिसरॉल किती, जाडी किती, ओतले कशावर आणि वाळवले कुठे, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय हे खरोखर स्टार्च आहे की वाळवून दळलेले केळीचे पीठ? पिठात तंतू व प्रथिने राहतात आणि फिल्म धूसर होण्यास तेवढे पुरते.

प्रयोगवही: स्टार्चच आहे. गर पाण्यात वाटून, मलमलीतून गाळून, तळाशी बसलेला साका पुनःपुन्हा धुऊन घेतला. ग्लिसरॉल स्टार्चच्या २० टक्के घेतले, काचेच्या पेट्रीडिशमध्ये ओतले आणि ओव्हनमध्ये ६० अंशांवर वाळवले. जाडी मोजलेली नाही.

पॉलिमरवाला: एवढा खटाटोप कशाला? पीएलएचे (पॉलिलॅक्टिक आम्ल या जैवप्लास्टिकचे) दाणे विकत घ्या, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून ओता, काचेसारखी फिल्म मिळेल.

रावेरचा बांध: भाऊ, प्रकल्प केळीचा आहे. शिवाय पीएलएला विघटनासाठी सुमारे ५८ अंशांचे औद्योगिक कंपोस्ट लागते. शेताच्या बांधावर ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहील.

पॉलिमरवाला: आणि स्टार्चची पिशवी पहिल्या पावसातच विरघळेल, त्याचे काय?

नियमावली: विक्रीचा विचार असल्यास कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएस १७०८८ या भारतीय मानकानुसार चाचणी करून घ्यावी लागेल, आणि कंपोस्टेबल पिशव्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्रही घ्यावे लागेल.

प्रयोगवही: विक्रीचा प्रश्न मी विचारलेलाच नाही.

लोलक: दुधाळपणा पृष्ठभागावरचा आहे की आतला, हे आधी ठरवा. फिल्मच्या दोन्ही बाजूंना द्रव पॅराफिनचा थेंब पसरवा. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४७ आणि स्टार्चचा सुमारे १.५३, म्हणजे हवेच्या तुलनेत फरक फारच कमी राहतो. त्यामुळे डाग स्वच्छ झाला तर दोष खडबडीत पृष्ठभागाचा, आणि तसाच राहिला तर प्रकाशाचे विकिरण (विखुरणे) आत, म्हणजे बुडबुड्यांमुळे किंवा न शिजलेल्या कणांमुळे होत आहे. दुसऱ्या शक्यतेत परस्परांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (पोलरायझर) फिल्म ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. न शिजलेल्या प्रत्येक कणावर काळी फुली दिसते. जाडी मोजल्याशिवाय आकडे देऊ नका, कारण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीवरचे शोषण मिलिमीटरमधील जाडीने भागूनच दोन फिल्मांची तुलना होते. साधा स्पेक्ट्रोमीटर विकिरणाने बाजूला गेलेला प्रकाशही शोषणातच धरतो, हेही अहवालात लिहा.

रावेरचा बांध: तडकण्याचे कारण ओव्हनमध्ये आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आहे, असे मला वाटते. स्टार्चला पाणीही मऊ ठेवते. ४० अंशांवर सावकाश वाळवा, काचेऐवजी टेफ्लॉनवर ओता आणि सोडवण्यापूर्वी मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात ठेवा. तिथे सापेक्ष आर्द्रता सुमारे ५३ टक्के राहते. ग्लिसरॉल ३० टक्क्यांपर्यंत वाढवायला हरकत नाही, मात्र त्यापुढे गेल्यास पावसाळ्यात फिल्म चिकट होईल.

प्रयोगवही: पॅराफिनने जेमतेम फरक पडला. फुल्या भरपूर दिसल्या. पण वॉटर बाथ ८० अंशांवरच होता, मग कण कच्चे कसे राहिले?

लोलक: ते बाथचे तापमान झाले. बीकरमधील मिश्रणाचे किती होते? केळीचा स्टार्च बऱ्याचदा ७० ते ८० अंशांदरम्यान शिजतो, त्यामुळे बाथपेक्षा आतले मिश्रण थंड राहिले तर बरेच कण तसेच उरतात. थर्मामीटर बीकरमध्ये बुडवा, ९० अंशांवर ढवळत अर्धा तास ठेवा आणि ओतण्यापूर्वी निर्वातात बुडबुडे काढा.