अनोळखी व्हेंडर मेसेज आला तर ड्रायव्हरने काय करावं?

गाभारा

लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या, पॅचवरून आमच्या टीममध्ये आठवडाभर खडाजंगी चालू आहे, म्हणून इथे मांडतोय. वाद आहे स्विचमधल्या शेवटच्या डिफॉल्ट केसचा, म्हणजे मेसेज कुठल्याच ओळखीच्या प्रकारात बसला नाही तर काय करायचं त्याचा. कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलंच सॉफ्टवेअर) व्यवस्थापनाचे मेसेज पाठवत असतं. तापमान, लिंकची अवस्था, एरर काउंटर हे स्टँडर्डमध्ये बसतात, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं आहे. उरतात ते त्या त्या कंपनीचे खासगी मेसेज. त्यातले दोन-चार आपल्याला कळतात, बाकीचे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

माझं मत असं की ड्रायव्हरने त्यात नाक खुपसू नये. हेडर बघा, कोणत्या प्रोग्रामने या प्रकारासाठी नोंदणी केलीय ते बघा, आणि मेसेज त्याच्याकडे जसाच्या तसा सोपवा. इन्फिनिबँडमध्ये (सर्व्हर जोडायचं वेगवान नेटवर्क) हे वर्षानुवर्षं असंच चालतं. व्यवस्थापनाचं पॅकेट २५६ बाइटचं, त्यातलं सुरुवातीचं २४ बाइटचं हेडर सगळ्या प्रकारांना समान. त्यात क्लास, मेथड आणि ६४ बिटांचा ट्रान्झॅक्शन आयडी. लिनक्स त्या आयडीचे वरचे ३२ बिट स्वतःच्या हिशोबासाठी वापरतो, त्यामुळे आलेलं उत्तर कोणाच्या प्रश्नाचं आहे ते कळतं. आतला मजकूर कर्नलला समजावा लागतच नाही.

उलट कर्नलमध्येच डीकोडिंग भरत बसलो तर कंपनीने फर्मवेअर बदललं की आपण पॅच लिहायचा. आणि तो ज्या मशीनवर हवा, तिथे नेमका तीन वर्षांपूर्वीचा कर्नल असतो.

अर्धविराम

अजिबात पटलं नाही. "जसाच्या तसा" म्हणजे नक्की काय सोपवताय याचा विचार केलाय का? त्या कार्डाला डीएमए करता येतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीला हात घालता येतो. खासगी कमांड देऊन एखाद्याने कार्डाकडूनच यजमान मशीनची मेमरी वाचून किंवा लिहून घेतली, तर कर्नलला रूटपासूनही वाचवणारं लॉकडाउन आणि सही केलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूट कशासाठी ठेवलेत? रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणजे कर्नल नव्हे. या दोघांमधली भिंत उभी करायला लोकांनी किती वर्षं घालवली, आणि तुम्ही तिला डिफॉल्ट केसमधून बोगदा पाडताय.

दुसरं, कंपनीला आयता रस्ता मिळाला की ती सामायिक इंटरफेससाठी धडपड करत नाही. प्रत्येकाचं वेगळं बंद सोर्सचं टूल, आणि ॲडमिनच्या मशीनवर तशी सहा टूल्स.

माझा नियम साधा आहे. ओळखीचा नसेल तर नाकारा.

जुनाजाणता

२००३ आठवतं का कोणाला? मँड्रेक लिनक्स ९.२ इन्स्टॉल करताना एलजीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह मेले. कर्नलने त्यांना कॅशे रिकामी करायची कमांड पाठवली होती. त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये तोच क्रमांक "नवं फर्मवेअर लिहायला घे" यासाठी वापरलेला. बिचाऱ्यांनी आज्ञा पाळली.

तेव्हा अर्धविरामांना माझा पाठिंबा. पलीकडे काय बसलंय ते माहीत नसताना काहीही पुढे ढकलू नये.

गाभारा

जुनाजाणता, किस्सा खरा आहे, पण तो माझ्या बाजूने जातो! पाठवलेली कमांड स्टँडर्डमधली होती. खासगी अर्थ ड्राइव्हने लावला. तुमच्या नियमाप्रमाणे कर्नलने सगळे व्हेंडर मेसेज अडवले असते तरी ही कमांड ओळखीची म्हणून सुखरूप पुढे गेली असती आणि ड्राइव्ह मेलेच असते. अडवण्याची यादी आपल्या हातात, अर्थ लावणं फर्मवेअरच्या हातात.

आणि अडवण्याचीही किंमत असते. २००४ मध्ये २.६.८ कर्नलने रूट नसलेल्यांसाठी स्कझी कमांडची (डिस्क, सीडी ड्राइव्हना द्यायच्या आज्ञांची) गाळणी आणली आणि साध्या युजरचं सीडी लिहिणं बंद पडलं. मग लोकांनी काय केलं? टूल रूटने चालवायला लागले. सुरक्षितता वाढली म्हणायची का?

जुनाजाणता

हं. पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही. गाळणी वाईट लिहिली गेली म्हणून गाळणीच नको, हे काही पटत नाही.

एकशून्य

दोघेही "ओळखीचा" हा शब्द फार ढिला वापरताय. खरी अडचण क्रमांकात आहे.

आयपीएमआयमध्ये (सर्व्हरच्या बोर्डावर देखरेख करायचं स्टँडर्ड) हेक्स ३० ते ३एफ हे नेटफंक्शन, म्हणजे कमांडच्या गटांचे क्रमांक, उत्पादकांसाठी मोकळे ठेवलेत. मेसेजमध्ये उत्पादक कोण हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे एका बोर्डावर पंख्याचा वेग बदलणारी रॉ कमांड दुसऱ्या बोर्डावर भलतंच काही करू शकते. लोक मात्र नेटवरून उचलतात आणि बिनधास्त चालवतात. ब्लूटूथचंही तेच. कमांड कोडचे १६ बिट, त्यातले वरचे सहा म्हणजे गट, आणि हेक्स ३एफ हा गट उत्पादकांचा. चिप कोणाची हे तुम्ही आधी वेगळं विचारून ठेवायचं आणि त्यावरून अर्थ लावायचा.

आता इन्फिनिबँड बघा. गाभारा, तुम्ही त्याचं कौतुक केलंत, पण तिथेही उत्पादकांच्या क्लासचे दोन पट्टे आहेत. हेक्स ०९ ते ०एफ या पहिल्या पट्ट्यात ओळख नाही. ३० ते ४एफ या दुसऱ्या पट्ट्यात पॅकेटमध्येच तीन बाइटचा ओयूआय असतो, म्हणजे कंपनीला आयट्रिपलई या संस्थेने दिलेला आकडा. एमसीटीपीने (मशीनमधल्या चिप्सनी आपसात व्यवस्थापनाचे मेसेज पाठवायचं स्टँडर्ड) तर खासगी मेसेजना ओळखीशिवाय सोयच ठेवली नाही. मेसेज प्रकार ७ई असेल तर पीसीआयचा व्हेंडर आयडी, ७एफ असेल तर आयएएनएने (इंटरनेटचे क्रमांक वाटणारी संस्था) कंपनीला दिलेला क्रमांक.

माझी रेघ इथे आहे. मेसेज स्वतःची ओळख सांगत असेल तर ज्याचा त्याला द्या. नसेल सांगत, तर तो निव्वळ आकडा आहे, आणि त्याचा अर्थ हार्डवेअर बघूनच लावावा लागतो. ते काम ड्रायव्हरचंच. युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्राम्सना) अंदाज करायला लावू नका.

बिटबहाद्दर

+१. धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

कोरी_पाटी

तुमचा वाद द्यायचा की नाकारायचा यावर चाललाय, म्हणून तिसऱ्याच गोष्टीचा अनुभव सांगते.

एका स्टोरेज कार्डाचा ड्रायव्हर आमच्याकडे होता (कंपनीचं नाव राहू दे). इव्हेंट मिळाल्याची पोच फर्मवेअरला द्यायची ओळ प्रत्येक केसच्या आत लिहिलेली. डिफॉल्टमध्ये फक्त ब्रेक, म्हणजे काहीच न करता बाहेर. कित्येक महिने काही बिघडलं नाही. मग नवं फर्मवेअर आलं, त्यात एक नवा खासगी इव्हेंट. ड्रायव्हर तो गिळायचा आणि गप्प बसायचा. पोच नाही म्हणून रांगेतली जागा मोकळी होत नव्हती. रांग ३२ जागांची. ती भरली आणि कार्डाने इव्हेंट पाठवणंच थांबवलं. त्यानंतर एक डिस्क खरोखर गेली, पण ती बातमी आमच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण ती त्याच रांगेतून येणार होती.

दुरुस्ती म्हणून कोणीतरी पोच घातली आणि सोबत एरर पातळीचा प्रिंट. इव्हेंट दर सेकंदाला. पुढचं सांगत नाही, लॉगचं पार्टिशन किती वेळात भरलं तेवढं विचारू नका.

तेव्हा अर्धविराम, "नाकारा" म्हणताना उत्तर देऊन नाकारा. आयपीएमआयमध्ये अनोळखी कमांडला सी१ हा कोड परत येतो, म्हणजे "ही कमांड मला माहीत नाही". गिळून टाकणं हे नाकारणं नव्हे.

अर्धविराम

कोरी_पाटी, हे शंभर टक्के मान्य. माझ्या वाक्यात ते यायला हवं होतं.

पण मूळ विरोध कायम आहे. एकशून्य म्हणतात तशी ओळख असली तरी हेतू कळत नाही. ओयूआय बरोबर आहे म्हणजे मेसेज निरुपद्रवी आहे असं नाही. एनव्हीएमईमध्ये (एसएसडीशी बोलायचं स्टँडर्ड) ॲडमिन कमांडचे सी० ते एफएफ क्रमांक उत्पादकांचे. लिनक्समध्ये अधिकार नसलेल्या प्रोग्रामला ते पाठवूच देत नाहीत, आणि माझ्या मते ते योग्य आहे, कारण तो बाइट वाचून कोणालाच काही सांगता येत नाही.

एकशून्य

हेतूचा प्रश्न सोडवायचा एक प्रयत्न आता कर्नलमध्येच आहे. २०२५ च्या ६.१५ मध्ये एफडब्ल्यूसीटीएल आलं. त्यात फर्मवेअरला पाठवायच्या विनंतीसोबत तिची व्याप्ती सांगावी लागते: कॉन्फिगरेशन, डीबगसाठी वाचन, डीबगसाठी लेखन, आणि सरसकट लेखन. लेखनाच्या दोन्ही पायऱ्यांना कर्नल टेंटेड, म्हणजे आत हात घातला गेलेला, म्हणून नोंदला जातो. सगळ्यात वरच्या पायरीला रॉ आयओचा (हार्डवेअरशी थेट व्यवहार करायचा) वेगळा अधिकार लागतो. त्याच्या खालच्या पायऱ्यांनी लॉकडाउन मोडता कामा नये अशी अट आहे, म्हणजे तुमची डीएमएची भीती तिथे लक्षात घेतलीय.

अर्धविराम

अट आहे, पण ती पाळतो कोण? विनंती कुठल्या व्याप्तीत बसते हे शेवटी ड्रायव्हर आणि फर्मवेअरच ठरवणार, म्हणजे ज्याच्यावर शंका त्याच्याच हाती निवाडा. कर्नलमधला नेटवर्किंगचा कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरांनी एफडब्ल्यूसीटीएलला विरोध केला तो काही हट्ट म्हणून नव्हे. टेंटची खूण मात्र आवडली. निदान बग रिपोर्ट बघताना कळेल की कोणीतरी आत हात घातला होता.

गाभारा

ठीक. पॅच बदलतोय. ओयूआय असलेला मेसेज नोंदणी केलेल्या प्रोग्रामला जाईल, पण वाचनापुरताच. उलट दिशेने खासगी कमांड या वाटेने पाठवता येणार नाही. ओयूआय नसेल किंवा घ्यायला कोणी नसेल, तर आधी फर्मवेअरला पोच, मग काउंटर एकने वाढवायचा, आणि लॉगमध्ये त्या प्रकाराची ओळ फक्त पहिल्यांदा. पाठवण्याच्या बाजूबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो वेगळा पॅच, वेगळं भांडण.

अर्धविराम

चालेल. पॅच वाचला. हेडरमधला लांबीचा आकडा तुम्ही सरळ मेमकॉपीला (मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनला) दिलाय. फर्मवेअरने ४०९६ सांगितलं आणि बफरमध्ये ६४ च बाइट असले तर पुढची कर्नल मेमरी तुमच्या त्या प्रोग्रामच्या हातात. तेवढं दुरुस्त करा, मग माझी हरकत नाही.