सर्व्हेवाल्यांना खरं का सांगायचं?

सातपूरचा_सदू: परवा टॅब घेऊन एक पोरगी दारात. 'काका, पाचच मिनिटं.' वय, शिक्षण इथवर ठीक. मग एकदम, 'आठवड्यातून किती वेळा मद्यपान करता?' शेजारी आई जपमाळ घेऊन बसलेली. माळ थांबली. मी म्हणालो, 'कधीच नाही.' माळ सुरू. असं चारचौघांत विचारणाऱ्याला थाप मारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पगारही मी निम्माच सांगतो. (लग्न ठरताना दीडपट सांगितला होता, सरासरी बरोबर येते.)

कॉलेजरोडची_वहिनी: अजिबात पटलं नाही. सगळेच 'कधीच नाही' म्हणतात, मग शनिवारी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत गर्दी कोणाची? द्राक्षं तर मेन रोडला पण मिळतात. सांगायचं नसेल तर 'सांगत नाही' म्हणा. त्या पोरीच्या फॉर्ममध्ये कचरा कशाला भरता?

सातपूरचा_सदू: वहिनी, 'सांगत नाही' म्हटलं की आईला कळलंच ना!

आकडेमोड_मास्तर: सदूचा मुद्दा रास्त आहे, थाप नाही. यावर वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच तोड काढली. तिचा सोपा प्रकार असा: गुपचूप नाणं उडवा. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणा. काटा आला तर खरं सांगा. तुम्ही पिता की नाण्याने बोलायला लावलं, हे विचारणाऱ्याला कळत नाही. पण हजार माणसांत साधारण पाचशे 'हो' नाण्याचे, ते वजा केले की उरलेल्यांवरून अंदाज निघतो.

सातपूरचा_सदू: आईसमोर नाणं उडवलं तर जुगारही खेळतो म्हणेल.

पंचवटीकर: जनगणनेत मात्र ही चलाखी नको. १९४८ च्या कायद्याने उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि याच कायद्याखालचा खटला सोडला तर तुमची माहिती कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. एक सूट मात्र गमतीची: रिवाजाने नवऱ्याचं नाव घेता येत नसेल, तर बाईवर ते सांगायची सक्ती नाही.

कॉलेजरोडची_वहिनी: हे आमच्या आत्येसासूबाईंना कोणी सांगितलंच नाही. त्यांनी प्रगणक बाईंना पूर्ण उखाणा ऐकवला. आणि बघा, नाव खरंच सांगितलं!

सातपूरचा_सदू: जनगणनेला मीही खरंच सांगतो. ते दारूचं विचारत नाहीत.