लेझरनं टॉन्सिल काढल्यावर कामाले कधी लागता येते? ज्यायनं केलं हाये त्यायनं सांगा

वावरवाला (आर्णी तालुका)
राम राम मंडळी. वय २६. टॉन्सिलचा त्रास लहानपनापासून हाये पन या दोन वर्षांत हद्दच झाली, दर दीड-दोन महिन्यानं गळा सुजते, ताप येते, थुंकी गिळनं कठीन होते, अँटिबायोटिकचा एक कोर्स संपला का दुसरा सुरू. यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं आता काढूनच टाकू म्हटलं, लेझरनं करतो म्हनते. गावात सगळे सांगून रायले का लेझर म्हनजे काहीच नाही, सकाळी जा न् दुसऱ्या दिवशी वावरात. इकडे कापूस फुटून रायला, वेचनीले मानसं भेटत नाही, घरी मी न् बायको दोघंच. किती दुखते, काम कधी करता येते, आन् घरी आल्यावर रक्त आलं तर कराचं काय? यवतमाळ दूर हाये न् रात्री गाडी भेटत नाही.

दारव्ह्याची ताई
भाऊ, माझं लेझरनंच झालं, मागच्या हिवाळ्यात. दुसऱ्या दिवशी वावरात हे आधी डोक्यातून काढा. ऑपरेशन होते तेव्हा काही कळत नाही, पूर्ण भूल देतात, तोंडातूनच करतात, बाहेरून चिरा नाही. पहिला दिवस बरा जाते कारण इंजेक्शनचा असर असते. खरं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वाढते. माझे तर दोन्ही कान ठणकायचे, मला वाटलं कानातच काही झालं, डॉक्टर म्हणाले घशाची न् कानाची नस एक आहे म्हणून तिथलं दुखणं कानात जाणवते. टॉर्च लावून आरशात पाहाल तर टॉन्सिलच्या जागी पांढरा-पिवळा थर दिसेल, पू झाला म्हणून घाबरू नका, ती जखमेवरची खपली असते, तिला बोट लावू नका. तोंडाला वास येते तेवढे दिवस, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात वाईट सकाळ. रात्रभर गळा कोरडा पडते न् उठल्यावर पहिला घोट काच गिळल्यासारखा जाते. मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची, रात्रीचा अलार्म लावून लिहून दिलेली पॅरासिटामॉल वेळेवर घ्यायची, दुखायला लागायची वाट पाहायची नाही. गोळी लागू पडली की मग जेवायचं. वरण-भात गार करून तूप टाकून, पातळ खिचडी, शिरा, आणि सासूबाई ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दुधात कालवून द्यायच्या, त्यावरच निभावलं. ठेचा, तर्री, चिवडा, कडक भाकर बंद. घरात संत्र्याची पेटी आली होती पण मला एक फोड खाता आली नाही, आंबट लागलं की नुसती आग. कामाचं म्हणाल तर दोन आठवडे धरून चाला.

पुसदकर
आमच्या पोट्ट्याचं झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, आठवडाभरात खेळाले लागला. लहान लेकरं लवकर सावरतात, मोठ्यायले जास्त दुखते. हळद-मीठ टाकून जोरात गुळण्या करत जा, गळा साफ राहते.

सिस्टर (वर्धा)
पुसदकर भाऊ, जोरात गुळण्या नको, खपली वेळेआधी सुटून रक्त येऊ शकते. साध्या पाण्यानं हळू चूळ भरा.

मी ईएनटी वॉर्डात काम करते म्हणून सांगते. लेझरचा फायदा ऑपरेशनच्या वेळी होते, किरणानं कापता कापता बारीक रक्तवाहिन्या बंद होतात न् रक्त कमी जाते. पण आतली जागा भाजलेलीच असते, ती उघडी जखम आपली आपण भरून येते, म्हणून नंतरचं दुखणं लेझरमुळे कमी होईल असं धरून चालू नका. रक्ताची भीती दोनदा असते, पहिले २४ तास आणि मग साधारण ५ ते १० दिवसांत, खपली सुटते तेव्हा. नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागते न् तो कामाला लागते. कापसाचं गाठोडं उचलणं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं, धुळीत जाणं, दोन आठवडे काहीच नाही.

थुंकीत एखादी लाल रेघ दिसली तर गार पाण्याची चूळ भरून शांत बसा न् डॉक्टरला फोन करा. ताजं रक्त येतच राहिलं किंवा गाठी पडल्या तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत आडवं व्हायचं नाही, पुढे वाकून बसायचं, रक्त गिळायचं नाही, थुंकायचं. आणि शक्य असेल तर ते ५ ते १० दिवस यवतमाळातच कोणाकडे तरी राहा, तुमच्या गावाहून रात्री निघणं हीच खरी अडचण आहे. डोकं दुखलं म्हणून किराणा दुकानातली ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त थांबायला वेळ लागते. पाणी भरपूर प्या, लघवी गडद पिवळी झाली की समजा कमी पडून राहिलं.

वावरवाला (आर्णी तालुका)
ताई, सिस्टर, लय आभार. मावशी यवतमाळले राहते, तिच्याकडेच थांबतो. एक विचाराचं राहिलं, मी खर्रा खातो, दिवसाले तीन-चार पुड्या होते. चालन का? आन् सरकारी योजनेत होते का हे?

सिस्टर (वर्धा)
खर्रा आजपासूनच बंद करा भाऊ. सुपारीचे कण जखमेत टोचतात, चुना लागून भाजते न् तंबाखूनं जखम भरायला उशीर होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खर्ऱ्यानं हळूहळू तोंड उघडणं कमी होते, आणि हे ऑपरेशन तोंडातूनच आहे, भुलीची नळीही तिथूनच जाते. आता आरशासमोर पाहा, स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जातात का. जात नसतील तर ऑपरेशनच्या तारखेआधीच डॉक्टरला दाखवा, भूल देणाऱ्यालाही सांगा, लपवू नका.

योजनेचं त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड न् आधार सोबत न्या. तारीख घ्यायच्या आधी विचारा, भरती झाल्यावर नाही.

वावरवाला (आर्णी तालुका)
दोनच बोटं गेली सिस्टर. सोमवारी जाऊन दाखवतो.