कळा सोसल्या नाहीत तर आईपण अर्धं राहतं का?

अर्धविराम:
मागच्या महिन्यात बहिणीची डिलिव्हरी झाली, एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं होतं तिने, बाळ-बाळंतीण मस्त आहेत. पण भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी विचारते नॉर्मल की सिझर, नॉर्मल म्हटलं की चेहरा खुलतो, आणि मग कुणीतरी त्या इंजेक्शनचं सांगतं की लगेच "हॅ, मग तुला काय कळलं बाळंतपण!" (कळा चालूच असतात हो, फक्त दुखणं कमी होतं. असो.) बहीण तेव्हा हसली, रात्री बाळाला पाजताना मात्र मला म्हणाली, मी काही चुकवलं का गं? तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. दाढ काढताना भूल घेतली तर कुणी नाही म्हणत तुझी दाढ खरी नव्हती म्हणून.

जुनीखोड:
दाढेची तुलना काही पटली नाही. दाढ किडते तो आजार, बाळंतपण आजार नाही. मी दोन्ही वेळा काही न घेता बाळंत झाले, सक्ती कुणाचीच नव्हती. दुखलं, जीव जाईल असं दुखलं, पण माझ्यात एवढं बळ आहे हे मला त्या दिवशीच कळलं. हे आता बोलायची चोरी झालीये, लगेच मागासलेली ठरवतात. आणि ते इंजेक्शन घेतलं की जोर कधी लावायचा ते समजत नाही, मग चिमटा लावून बाळ ओढणं नाहीतर सिझर ठरलेलं.

फुलीगोळा:
हो आणि जन्मभराची कंबरदुखी वेगळी!

भूलवाली:
मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे पक्षपाती समजा हवं तर. सिझरचं प्रमाण एपिड्युरलने वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. चिमटा किंवा व्हॅक्यूम पूर्वी जास्त लागायचा कारण डोस मोठे असायचे, 2005 नंतरच्या अभ्यासांत तो फरक दिसत नाही. कायमची कंबरदुखीही त्याच्यामुळे होते असं दिसलेलं नाही. आता दुसरी बाजू, कारण तीही सांगायलाच हवी. बीपी उतरू शकतं, खाज येते, ताप येऊ शकतो, जोर लावायचा टप्पा लांबतो आणि साधारण 100 जणींत एकीला सुई जरा पुढे जाऊन वाईट डोकेदुखी होते. प्लेटलेट्स फार कमी असतील किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर बऱ्याचदा देताच येत नाही. प्रत्यक्षात काय होतं, तर मांजरासारखी पाठ बाकवून बसायचं, कळ आली तरी हलायचं नाही (हे बोलायला सोपं), सुई काढून घेतात, बारीक नळी तेवढी आत राहते, आणि 15-20 मिनिटांत पेशंट पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघते.

तळटीप:
हे भांडण जुनंच आहे. 1847 मध्ये एडिंबरोच्या डॉक्टर सिम्पसनने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा बायबलचे दाखले देऊन विरोध करणारे होते, खुद्द सिम्पसनने त्यांना बायबलमधूनच उत्तर दिलं. 1853 मध्ये डॉक्टर जॉन स्नोने व्हिक्टोरिया राणीला दिला तेव्हा कुठे त्याला प्रतिष्ठा आली. राणीला कोण म्हणणार तुला काय कळलं बाळंतपण!

जुनीखोड:
मग पुढचंही सांगा की. 1914 च्या आसपास अमेरिकेत बायकांनीच चळवळ करून 'ट्वायलाइट स्लीप' मागून घेतलं होतं. मॉर्फिन आणि स्कोपोलामिन ही औषधं द्यायचे. दुखायचं ते दुखायचंच, आठवण तेवढी पुसली जायची, आणि बायका हातपाय झाडतात म्हणून त्यांना पलंगाला बांधायचे. नवीन ते चांगलंच असं नसतं एवढंच म्हणणं आहे माझं. विश्वासाचं एक माणूस शेवटपर्यंत जवळ असलं तर औषधं कमी लागतात हेही अभ्यासांत आलंय, पण त्यावर कुणी धागा काढत नाही.

उशिरा_सुचलेलं:
माझं जरा वेगळं आहे. मला ना सासूबाईंनी अडवलं ना नवऱ्याने. मीच नऊ महिने सगळ्यांना ऐकवत होते की मी नॅचरलच करणार, आणि गर्भाशयाचं तोंड सात सेंटीमीटर उघडल्यावर असं वाटायला लागलं की आता द्या काहीतरी, पण कुठल्या तोंडाने मागू? नर्सने दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाले. ते बळबिळ काही नव्हतं जुनीखोड, नुसती लाज होती. तुमचं वेगळं असेल, नाही म्हणत नाही.

जुनीखोड:
हे मात्र वाईट झालं. मागायला हवं होतंस गं.

अर्धविराम:
मजा बघा, आपण बाई बाळंत झाली की 'सुटका झाली', 'मोकळी झाली' म्हणतो. भाषेला चालते सुटका, इंजेक्शनने झाली की चालत नाही.

जुनीखोड:
ती सुटका कळांतून नव्हे, मरणातून. बायका जायच्या बाळंतपणात. शब्द ओढूनताणून आणू नका.

अर्धविराम:
बरं, हा मुद्दा तुमचा.

आठवा_महिना:
माझं अजून काहीच ठरत नाहीये, आणि इथे वाचून तर अजूनच नाही. कळा सुरू झाल्यावर ठरवलं तर चालतं का?

भूलवाली:
ठरव तेव्हाच, पण भूलतज्ज्ञाला आत्ता भेटून ये. रक्ताचे रिपोर्ट दाखव, रात्री तिथे कुणी असतं का तेही विचार, सगळीकडे नसतं. आणि संमतीपत्र आधीच वाचून ठेव. दर तीन मिनिटांनी कळ येत असताना ती बारीक अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत.