मदत हवी आहे: मुस्तफाचं जुनं मशीन घ्यावं का? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात जुनं व्हिडिओ गेमचं मशीन विकायला आहे. उभं, दोघांनी खेळायचं, आणि आत 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', म्हणजे त्यातल्या हिरोच्या नावाने ओळखला जाणारा आपला मुस्तफा! ज्यांचं आहे त्या काकांचं पूर्वी ठाण्यात पार्लर होतं. पंचवीस हजार मागताहेत. महिनाअखेरीस गाळा रिकामा करायचाय, तोवर गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते भंगारात जाणार. मला मशीन मनापासून हवंय, पण त्याची अवस्था बघून हिय्या होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

डब्याची फारशी काळजी नाही. कमर्शियल प्लाय, वरून सनमायका. गाळ्यात कधीतरी पाणी शिरलं होतं, त्यामुळे खालचा वीतभर भाग फुगलाय, अंगठ्याने दाबलं की भुसा गळतो. वाळवी दिसली नाही. ओळखीचा सुतार म्हणतो, खालचा फूटभर कापून मरीन प्लाय जोडू. जॉयस्टिक, बटणं, मायक्रोस्विच नवे मिळतात. उंदरांनी वायरी कुरतडल्यात, पण गेमचा बोर्ड मशीनला जोडायची ५६ पिनांची 'जामा' जोडणी १९८५ पासून ठरलेली आहे, आकृती समोर ठेवून नवं वायरिंग करता येईल.

नाण्याची खाच मात्र आहे तशीच ठेवणार. ती १९९२ नंतर आलेल्या २५ मिलीमीटरच्या स्टीलच्या रुपयासाठी आहे. आताचा २२ मिलीमीटरचा रुपया टाकला तर नुसताच घरंगळत बाहेर येतो. काकांनी ड्रॉवरमधून जुना रुपया शोधून टाकला आणि आतली पत्ती टक्‌कन वाजली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आता बोर्ड, म्हणजे गेमचं सर्किट. काका म्हणतात, शेवटचं चालू होतं तेव्हा चित्र यायचं, आवाज नव्हता. कॅपकॉमच्या या १९९३ च्या गेमच्या मूळ बोर्डावर आवाजाच्या प्रोसेसरसाठी बॅटरी असते. ती संपली की प्रोसेसरमधली सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि तो निकामी होतो. म्हणून मी आधी बॅटरीच शोधली. ती नाही, कॅपकॉमचं नावही कुठे नाही. म्हणजे बोर्ड डुप्लिकेट आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही, आपल्याकडच्या पार्लरमध्ये असे बोर्ड सर्रास चालायचे. पण मग आवाज कशाने गेला असेल? ॲम्प्लिफायरचा आयसी, की कंडेन्सर सुकलेत? कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट गंज आहे, त्यामुळेही होत असेल का?

खरी अडचण पिक्चर ट्यूबची आहे. ट्यूब वीस इंची. मागून टॉर्च मारून पाहिलं. मान शाबूत आहे, आणि काचेच्या आतला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा) डाग आरशासारखा चकचकीत आहे. हवा शिरली असती तर तो पांढरा पडला असता. पण पडदा जळलाय. मशीन बंद असतानाही तिरकं पाहिलं की 'इन्सर्ट कॉइन' वाचता येतं. शिवाय फ्लायबॅकवर, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, केसाएवढी चीर दिसते. बंद ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून ट्यूबला हाय व्होल्टेजची वायर जिथे जोडतात त्या रबरी टोपीच्या जवळपासही गेलो नाही. पॉवर सप्लाय तपासल्याशिवाय मशीन सुरू करायलाही मी काकांना नको म्हटलं. पाच व्होल्टच्या जागी जास्त गेले तर बोर्ड हातचा जायचा.

मित्र सांगतात, सरळ एलसीडी बसव आणि हजार गेमवाला तयार बोर्ड टाक. मला ते करायचं नाही. तसं करायचं तर नवा डबा सुताराकडून करून घेतलेला बरा, त्यासाठी हे मशीन कशाला कापायचं? मुस्तफाची गाडी मला काचेच्या फुगीर पडद्यावरच बघायची आहे.

म्हणून माझा कल असा आहे: ट्यूब वाचत असेल तर घ्यायचं, नाहीतर सोडून द्यायचं. इथेच तुमची मदत हवी. मशीन सुरू न करता ट्यूबचा फिलामेंट (आतली तापणारी तार) मल्टीमीटरने तपासला तर त्यावर कितपत विसंबता येतं? आपल्या जुन्या टीव्हीची आडवी फ्रिक्वेन्सी १५,६२५ हर्ट्झ, या मशीनची त्याच्याच आसपास. मग घरोघरी पडून असलेल्या रंगीत टीव्हीची ट्यूब, याच मशीनचा योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) ठेवून, कुणी बसवली आहे का? योक जुळला नाही तर काय केलंत? आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात फ्लायबॅक बदलून देणारा जुना टीव्ही मेकॅनिक अजून काम करतो का? लॅमिंग्टन रोडला जायचीही तयारी आहे.

किमतीचंही सांगा. दुरुस्तीला आणखी वीस-पंचवीस हजार जातील असं धरलंय. वर टेम्पो, आणि कोपरखैरण्यात आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे हमाल वेगळे. काकांशी घासाघीस करायला जीवावर येतं, त्यांनी मशीन इतकी वर्षं जपलंय. तरी पंधरा म्हणणं वावगं होईल का?

शनिवारी सकाळी पुन्हा जाणार आहे. ठाण्यातलं कुणी मल्टीमीटर घेऊन सोबत येऊ शकत असेल तर इथेच कळवा. मामलेदारची मिसळ माझ्याकडून.