मदत हवी आहे: थार घेतोय, कापडी छत की हार्डटॉप?

नमस्कार मंडळी. मी वणीकडचा, जिल्हा यवतमाळ. सेकंड हँड थार पाहतोय, २०२१ ची. दोन गाड्या नजरेत आहेत: एक हार्डटॉप, म्हणजे पक्क्या कडक छताची, दुसरी उघडणाऱ्या कापडी छताची.

मन दुसरीवरच आहे. शाळेत असताना १९६८ च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचा फोटो पाहिला होता. डोक्यावरची दोन पॅनल काढून सीटच्या मागे ठेवायची, मधली पट्टी मात्र जागेवरच, म्हणजे सांगाडा फार ढिला पडत नाही. तेव्हापासून उघड्या गाडीचं वेड आहे.

पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्यात कोळशाचे ट्रक, काळी भुकटी घरातल्या भांड्यांवरही बसते. बाबांना दम्याचा त्रास आहे, दवाखान्याच्या फेऱ्या याच गाडीने होणार.

ज्यांनी कापडी छत विदर्भात दोन-तीन उन्हाळे वापरलंय, त्यांनी खरं सांगा भाऊ: दुपारी दोनला एसी पुरतो का? धूळ आत येते का? चेन आणि शिवण किती टिकते? आणि नंतर हार्डटॉप बसवलं, तर आरटीओत काय करावं लागतं?

रविवारी व्यवहार ठरवायचा आहे.